तुझ्या आवडीचं गाणं कोणतं, पभ्या?

प्रिय पभ्या,

येत्या रविवारी तुझ्या घरी स्मरणाची प्रार्थना आहे आणि तिथं तुझ्या आवडीचं एक गाणं लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सोपं वाटलं, हो म्हणून बसलो. आता रविवार तोंडावर आला तरी गाणं ठरत नाही आणि मी थकलोय रे. म्हणून म्हटलं, ज्याच्यामुळं हा घोळ झालाय त्यालाच लिहावं. उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे. पण होतास तेव्हा तरी सरळ उत्तर कधी दिलंस?

खरं तर मला वाटलं होतं, त्यात विचारायचं काय! तुझ्या आवडीचं गाणं आपल्या सगळ्या छावणी मोहल्ल्यात एकट्या मलाच माहीत आहे.

आठवतं? चितेगावच्या कंपनीत आपण दोघंही नवे होतो. मी स्टोअरला, तू प्रेस मशीनवर. सकाळच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले असायचे. तू माझ्या शेजारी येऊन बसलास आणि ओळख ना पाळख, वॉकमनच्या इअरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलंस. पैठण रोडच्या खड्ड्यांनी ते सारखं निसटायचं आणि तू पुन्हा खुपसायचास. म्हणालास, दुसऱ्या कडव्याच्या आधी बाई गायची थांबते, तबलाही थांबतो, गिटार एकटीच थोडं चालून येते, तिथं ऐक. मी ऐकलं. पुढं कंपनीचं गेट येईपर्यंत मी ते टोक हातानं कानात दाबून धरलं. उतरताना तू माझ्या कानाशी आलास.

"हे माझ्या जिवाचं गाणं हाय. कुणाला सांगू नको."

मी नाही सांगितलं. बायकोलाही नाही. ती विचारायची, काय सारखं तेच लावता? मी म्हणायचो, असंच. इतकी वर्षं एखाद्याचं गुपित सांभाळणं म्हणजे काय असतं, तुला कल्पना आहे?

तुझी तऱ्हाच निराळी होती. गाणं द्यायचास, पण गायकाचं नाव नाही, सिनेमाचं नाही, वाजवणाऱ्याचं तर नाहीच. नाव कळलं की माणूस नावच ऐकत बसतो, असं तुझं म्हणणं. आणि गाणं देऊन झालं की आवडलं का, हे कधी विचारायचं नाहीस. विचारायचास, "कुठं थांबलास?" म्हणजे ऐकता ऐकता हातातलं काम कुठल्या जागी थांबलं ते सांग. एकदा मी सांगितलं, दाढी करत होतो, वस्तरा हनुवटीवर तसाच राहिला. तू दिवसभर प्रेसवर शीळ घालत होतास. कुणी नुसतं "छान आहे" म्हटलं की तुझा चेहरा पडायचा. मग दोन दिवसांत त्याला दुसरं गाणं.

कंपनी बंद पडली तेव्हाचंही आठवतं. मी दार लावून घरात बसलो होतो. लोक येऊन धीर देऊन जायचे आणि ते गेले की मला जास्तच खचल्यासारखं व्हायचं. तू आलास तो आतसुद्धा आला नाहीस. हनीफच्या कॅसेटच्या दुकानात भरून घेतलेली कॅसेट उंबऱ्यावर ठेवलीस आणि चालता झालास. तुझीही नोकरी गेली होतीच ना रे! त्या कॅसेटवर कुणीतरी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी गिटार वाजवत होता. मी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बूथवरून तुला फोन केला आणि कुठं थांबलो ते सांगितलं. एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून काम शोधायला बाहेर पडलो.

आता हल्ली बघ. फोनवर आपला गिटार ऐकणाऱ्यांचा ग्रुप आहे, तूच काढलेला. सकाळी उठावं तर गाण्यांचा ढीग. ऐकाच, ऐकलं नाही तर जन्म वाया, असं लिहून धाडतात. ऐकून कोण कुठं थांबलं, हे कुणी कुणाला विचारत नाही. मी बघतो आणि फोन पालथा ठेवतो. कंटाळा आलाय मला गाण्यांचा. हे तुला सांगायला लाज वाटते, पण आलाय.

तर त्या दिवशी तुला माती देऊन आम्ही बाहेर आलो आणि शालिनीवहिनी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, भाऊजी, प्रार्थनेला त्यांच्या आवडीचं एक गाणं लावा, तुम्हालाच माहीत असणार. मी मोठ्या तोऱ्यात मान हलवली. मग हनीफच्या स्कूटरवर मागं बसलो आणि आता काय लपवायचं म्हणून त्याला ते गाणं सांगून टाकलं. त्यानं भर बाजारात स्कूटर थांबवली.

"वो नै रे दत्तू. वो तेरा गाना होंगा. उसका गाना मेरे पास है. मेरेकू बोला था, हनीफ, ये मेरी जान है, किसीकू नक्को बोल."

हनीफचं म्हणजे ते मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारीवरचं, जुन्या सिनेमाच्या गाण्याची नुसती धून. मी म्हटलं, असेल, याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली असेल. घरी येतो तोवर शेंद्र्याच्या गजाननचा फोन. तो कारखान्यातला पोरगेला इंजिनिअर, तुला सर म्हणायचा तो. काका, सरांचं सगळ्यात लाडकं वाजवणं माझ्याकडं आहे, म्हणाला. हजारो माणसांपुढं केस मोकळे सोडून कुणीतरी विजेची गिटार वाजवतोय, असलं काहीतरी विलायतेचं. आणि तेच शब्द, पभ्या. जिवाचं हाय. कुणाला सांगू नको.

मग ग्रुपवर जो उठला तो, अगदी कंपनीच्या बसचा ड्रायव्हरसुद्धा, आपापलं गाणं काढून बसला. सगळ्यांकडं तुझ्या जिवाचं गाणं! आमची एक आत्या होती, डब्यातला लाडू प्रत्येक भाच्याला कोपऱ्यात नेऊन द्यायची, फक्त तुझ्यासाठी ठेवलाय म्हणून. तसला निघालास तू.

भांडणं झाली, हसू नकोस. कुणी म्हणालं मतं घ्या. कुणी म्हणालं सगळीच लावा, म्हणजे प्रार्थनेला आलेली माणसं जेवणाच्या वेळेपर्यंत तिथंच. हनीफनं जाहीर केलं, आडव्या गिटारीशिवाय दुसरं काही वाजलं तर तो येणार नाही. गजानननं लिहिलं, जुन्या लोकांना नवीन ऐकायची सवय नाही. त्यावर हनीफ जे बोलला ते इथं लिहीत नाही. मी मध्ये पडून दोघांना समजावत राहिलो आणि मनातून तुझ्यावर चिडत राहिलो. बसमधला तो सकाळचा प्रसंग मी किती जपला होता! तो तू सगळ्या गावाला वाटलास?

शेवटी आज दुपारी वहिनींकडं गेलो. मेथी निवडत बसल्या होत्या. आढेवेढे न घेता विचारलं, घरी तो काय ऐकायचा?

"घरी पुरं गाणं कुठं ऐकायचे ते?" वहिनी म्हणाल्या. "जरासं लावायचे, बंद करायचे. हे दत्तूभाऊजींना चालंल. हे हनीफभाईंना नाय चालायचं. हे त्या शेंद्र्याच्या पोराला. माझं ताट निवून जायचं, यांचं काही ठरायचं नाय."

"म्हणजे आवडीचं असं काहीच नव्हतं?"

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुमचा फोन यायचा ना, इथं थांबलो, तिथं थांबलो म्हणून. तो आला की मग ते गाणं लावायचे. पहिल्यापासून शेवटापर्यंत, डोळे मिटून. तुमची थांबायची जागा आली की हसायचे. तसं मात्र ऐकायचे हो."

हनीफचा फोन आला की हनीफचं, गजाननचा आला की गजाननचं. म्हणजे तू कुणालाच खोटं सांगितलं नव्हतंस. इतके दिवस तुझ्यावर रागावून फिरत होतो, तो राग बसल्या जागी गेला आणि त्याच्या जागी नुसतं रडू आलं. वहिनींसमोर रडलो मी, या वयात.

त्यांनी पाणी आणून दिलं. पुन्हा मेथीपाशी बसल्या. आणि मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "मला मात्र त्यांनी कधी एकबी दिलं नाय. एकदा विचारलं होतं मी. तर म्हणले, तुझं सापडंना अजून."

मग माझ्याकडं बघितलं त्यांनी.

"भाऊजी, सापडलं होतं का हो त्यांना? तुम्हाला काही बोलले होते?"

पभ्या, त्या वेळी हो म्हणणं किती सोपं होतं. कुठलंही एखादं गोड गाणं काढून म्हणता आलं असतं, हे तुमच्यासाठी ठेवलं होतं. शब्द जिभेवर आला होता. पण ज्या बाईनं जन्मभर तुझं ते निवडणं शेजारी बसून पाहिलं, तिला पहिल्या ओळीतच कळलं असतं. मी नाही म्हणालो. त्या बरं म्हणाल्या आणि काड्या वेगळ्या करू लागल्या.

काय रे हे? बसच्या ड्रायव्हरला गाणं सापडलं, शेंद्र्याच्या पोराला सापडलं, आणि तुझ्या पुढ्यात चहा ठेवणारीचं सापडू नये? की सापडलं होतं आणि द्यायला भ्यालास? ती नुसतं छान आहे म्हणाली असती तर तुला सोसलं नसतं, असं होतं का? सांगायला आता तू नाहीस. मला फार दमल्यासारखं होतंय.

संध्याकाळी हनीफला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "भाभीकू क्या पसंद है?" मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. रविवारी कुणाचंच गाणं लावायचं नाही, नुसती प्रार्थना होऊ दे, असं त्यानंच गजाननला फोन करून कळवलं.

तर आता ऐक. माझे कान पहिल्यासारखे नाहीत, गुडघे तर नाहीतच, आणि गाण्यांवरून मन उडालंय ते वेगळं. तरी वहिनींचं गाणं मी शोधणार. त्यांच्याकडं जाईन, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसेन, एकेक लावून बघेन. तुझं म्हणून लावणार नाही, माझं म्हणूनही नाही. वर्ष लागलं तरी चालेल. आणि ज्या दिवशी त्यांचा हात चालता चालता थांबेल, त्या दिवशी घरी येऊन ते गाणं पहिल्यापासून शेवटापर्यंत, डोळे मिटून ऐकेन. तुझ्या वाटचं.

तुझाच,
दत्तू