पोथीतल्या सतरा प्रार्थना

१२ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

फोनवर तू हो-हो म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून पत्र. कागद टेबलावर पडून राहील आणि तुला टोचत राहील.

तू जन्मलीही नव्हतीस तेव्हा मी प्रबंध लिहायला घेतला होता, हे तुझ्या बाबांनी सांगितलं असेल. हसतच सांगितलं असेल. एका जुन्या मठातल्या सतरा प्रार्थनांवर. त्या भाषेतही आपल्यासारखंच क्रियापदाला लिंग असतं. छापील पुस्तकात सगळीकडे मी आलो, मी थकलो, मी हाक मारतो. पण त्यांत अंगावर पिणारं मूल आहे, बाळंतपणाची कळ आहे. या प्रार्थना कुणा बाईनंच रचल्यात, असं मी ठणकावून सांगायची. ते पुस्तक ज्यांनी संपादित केलं तेच माझे मार्गदर्शक, दोन गल्ल्या पलीकडचे सर. ते म्हणाले, मूळ पोथीतला पुरावा आण, नुसतं वाटण्यावर प्रबंध होत नाही. पोथी सातासमुद्रापार. तिथल्या ग्रंथालयाला तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. मग शाळेत नोकरी धरली आणि प्रबंध माळ्यावर गेला.

आता म्हणतात, सगळं इंटरनेटवर आहे. मी प्रार्थना हा शब्द टाकला तर तीन ज्योतिषी आणि एक ताईत विकणारा भेटला. तू कॉलेजात ग्रंथपाल, धर्म आणि इतिहासाच्या अभ्यासकांना वाट दाखवतेस म्हणे. मलाही दाखव.

उत्तर पाठव, नुसता लोभ नको.
तुझी आत्या

२० जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा हसत नाहीत गं. त्यांनी एवढंच सांगितलं, की तू माळ्यावर गठ्ठा टाकलास त्या दिवशी कुणाशी बोलली नव्हतीस.

ज्योतिषी भेटले कारण तू बाजारात जाऊन पोथी मागितलीस. सोबत आमच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच्या माझ्या पानाचा पत्ता दिलाय. त्यावर तीन दारं आहेत: संशोधकांच्या लेखांची सूची, जुन्या भाषांचे कोश आणि ग्रंथालयांनी फोटो काढून खुल्या केलेल्या पोथ्या. प्रत्येक दार मी स्वतः उघडून बघितलंय. लेखांना लागणारा पासवर्ड या कागदाच्या मागच्या बाजूला आहे. आमच्याकडे बाहेरच्या वाचकांनाही देतात, तेव्हा चोरी केल्यासारखा चेहरा करू नकोस.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. नुसतं नाव शोधू नकोस, लेखांच्या तळटीपा वाच. खरा ऐवज तिथेच असतो. आणि ग्रंथालयाच्या यादीवर आंधळा विश्वास नको. नोंद करणाराही माणूसच, जेवणाची वेळ झाली की त्यालाही घाई होते.

डोळ्यांना जप. पोथी सापडली की आधी मला कळव, मग जगाला.
तुझी मुंगी

१६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

सापडली!

प्रार्थना म्हणून शोधत होते तोवर काही नाही. मग जुन्या औषधांवरचा एक लेख वाचला, त्याच्या एकतिसाव्या तळटीपेत त्या मठाचं नाव आणि एका पोथीचा क्रमांक. क्रमांक टाकला तर यादीत नोंद वैद्यकाची पोथी म्हणून! पहिली आठ पानं काढ्यांची, म्हणून कुणी पुढे उलटलंच नाही. नवव्या पानावर माझी पहिली प्रार्थना. मोठी करून बघितली. शाईचा ओघळसुद्धा दिसतो. आणि क्रियापद, मुंगी: मी आले.

तीन दिवस कोशाशी पडताळत बसले. खरं ते सांगते: सतराच्या सतरा तिच्या नाहीत. अकरा बाईच्या, सहा पुरुषाच्या. म्हणजे मीही सहा ठिकाणी चुकले होते. पण अकरा!

आता प्रश्न सरांचा. ते नव्वदीचे, दृष्टी गेलेली. त्यांच्या नावावर ते एकच पुस्तक. तुझे बाबा म्हणतात, म्हाताऱ्याला सुखानं राहू दे. तू काय म्हणतेस?

वाट पाहणारी,
आत्या

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नाचले. आमचा शिपाई दारात येऊन बघून गेला.

सरांना सांग. त्यांनी तुझ्याकडे पुरावा मागितला होता, गप्प बस म्हटलं नव्हतं. तू आणलास. त्यांना न सांगता छापलंस तर ते त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळेल, आणि तो अपमान मोठा.

त्या ग्रंथालयालाही लिही, नोंद चुकलीय म्हणून. हल्ली उत्तरं देतात.

धीर देणारी (आणि घाबरलेली),
मुंगी

९ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

सरांकडे जाऊन आले. त्यांच्या मुलीनं खुर्ची दिली आणि ती आत गेली. मी सांगितलं, सर, पोथी मिळाली. ते म्हणाले, वाच. मी अकराही वाचल्या. पहिल्या आले या शब्दाला त्यांची बोटं गुडघ्यावर थांबली.

मग म्हणाले, की त्यांच्याकडे पोथीची जी हातानं उतरवलेली नक्कल होती तिच्यातही आले असंच होतं. मठातला साधू असं कसं लिहील, लेखनिकाचाच हात घसरला असणार, असं धरून त्यांनी अकरा जागी दुरुस्ती केली. मला पुरावा आण म्हणताना नक्कल त्यांच्याच कपाटात होती. ती तू मागितली नाहीस, असं म्हणाले, आणि लगेच, मी दाखवायला हवी होती, असंही.

मुंगी, मला राग आला. चाळीस वर्षांचा आला. उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा ते तसेच बसले होते. मी म्हटलं, मी लेख लिहिणार, तुमच्या दुरुस्तीसकट सगळं. त्यांनी प्रस्तावना देऊ केली. मी नको म्हटलं. प्रस्तावनेची मला गरज नाही, फक्त आत्ता बोललात ते लिहून सही करा. मुलीनं बाहेर येऊन लिहून घेतलं, त्यांचा हात धरला, त्यांनी सही केली.

ग्रंथालयाचं उत्तर आलं, चार दिवसांत. नोंद बदलली, दुरुस्ती सुचवणारी म्हणून माझं नाव घातलं. लेख एका संशोधन नियतकालिकानं घेतलाय, पुढच्या अंकात येईल.

सर रोज सकाळी बोलावतात, एकेक प्रार्थना ऐकायला. मी जाते, राग जरा बसलाय, सगळा नाही. काल कागदाकडे न बघता पाठ म्हणताना सवयीनं माझ्या तोंडून जुनं, छापील निघालं: मी थकलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, थकलो नव्हे बाई, थकले. नीट वाचा.

असाच जीव लावत राहा.
तुझी आत्या