आईला कुलूप लावून

बाबा, मी आत्ता माझ्या घराच्या पायरीवर बसले आहे. दाराला बाहेरून कुलूप आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि आत आई आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही, आणि आज लिहायला बसले ती हे सांगायला. नानाखेडा कॉलनीतलं हे घर तुम्ही पाहिलेलं नाही, तुमच्यानंतर घेतलं. बँकेतून जेवणाच्या सुट्टीत आले आहे, पण दार उघडायचा धीर होत नाही, म्हणून पर्समधल्या जुन्या स्लिपांच्या पाठीवर लिहिते आहे.

तुमची सारी नोकरी जेलमध्ये गेली आणि तुमच्या घरात कुलूप नव्हतं. क्वार्टर मिळाल्याच्या पहिल्याच दिवशी तुम्ही पेचकस घेऊन सगळ्या खोल्यांच्या बाहेरच्या कड्या काढून टाकल्या होत्या म्हणे. आई चिडायची, "चोर आले तर?" तर तुम्ही म्हणायचात, "जेलच्या क्वार्टरमध्ये कोण येतंय मरायला!" मागच्या अंगणातल्या लाकडांच्या कोठीची कडी तेवढी राहून गेली होती. मी नऊ वर्षांची होते. धाकट्याने माझी पाटी फोडली म्हणून मी त्याला त्या कोठीत ढकललं आणि कडी घातली. आई दळणाला गेली होती. तुम्ही ड्यूटीवरून आलात तेव्हा रडून रडून त्याचा आवाज बसला होता. मला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. तुम्ही त्याला बाहेर काढलंत, स्वतः वाकून आत गेलात आणि म्हणालात, "लाव कडी." मी लावली. तुम्ही आतून एकदाही हाक मारली नाहीत. शेवटी घाबरून मीच उघडली. तुम्ही टोपीवरचा भुसा झटकत विचारलंत, "लावताना कसं वाटलं? खरं सांग." मी खरं सांगितलं, "मजा आली."

तुमचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही रागावला नाहीत. बूट न काढताच अंगणात बसून राहिलात, आणि आई आल्यावर तिला म्हणालात, "हिला काही बोलू नकोस. नोकरीच्या पहिल्या दिवशी मलाही असंच वाटलं होतं." मग उठून तीही कडी काढलीत. निरोप समारंभाच्या दिवशी गळ्यात हार घालून तुम्ही उभे होतात आणि तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ये जेल बंद होनी चाहिए. सगळ्याच." सगळे खदाखदा हसले, टाळ्या पडल्या, कचोरीच्या प्लेटा फिरल्या. परत येताना टेम्पोत तुम्ही माझ्याशी एकदाच बोललात. म्हणालात, "कोणाचा इलाज होत नाही, कोणाला काम नाही, कोणाचं घरी करायला माणूस नाही, तो डाल दो अंदर. कोणाला वेळ नाही ना बेटा, म्हणून जेल आहे." मला तेव्हा लाज वाटली होती तुमची. वाटलं, चारचौघांत हे कशाला?

आता ऐका. आईला आता काही आठवत नाही, फक्त तुमचा डबा आठवतो. रोज अकरा वाजले की ती डब्यात भाजीपोळी भरते, कधी नुसतंच पाणी भरते, आणि जेलच्या गेटवर द्यायला निघते. पहिल्यांदा ती ऑटो करून खरंच तिथे पोहोचली. गेटवरच्या पोराने तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, तिच्या पिशवीतल्या चिठ्ठीवरून मला फोन केला. दुसऱ्यांदा बसस्टँडसमोर मोटारसायकलने उडवलं, मनगट मोडलं. चौकीत साहेब म्हणाले, "मॅडम, ताला लगा के रखो." डॉक्टरांनी तेच सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आम्ही आमच्या सासूबाईंना तीन वर्षं ठेवलं होतं, काही होत नाही." सांभाळायला तीन बायका ठेवून झाल्या, एकही महिनाभर टिकली नाही. सुट्ट्या संपल्या. नोकरी सोडली तर खायचं काय? धाकट्याने पुण्याहून कॅमेरा पाठवला. आता तो ऑफिसात बसून फोनवर आईला बघतो आणि मला कळवतो, "ताई, ती दाराशी उभी आहे." ज्याला मी कोठीत कोंडलं होतं, तो.

बाबा, मला सगळीकडे तेच दिसायला लागलंय. कॉलनीला गेट बसलंय, दूधवाल्यालाही वहीत सही करावी लागते. समोरच्या शाळेचं फाटक एकदा बंद झालं की दोन वाजेपर्यंत उघडत नाही. म्हाताऱ्यांसाठी एक आश्रम बघून आले, स्वच्छ आहे, तुळस आहे, आणि जिन्याला जाळीचं दार. तिथली बाई कौतुकाने म्हणाली, "एक भी बाहर नहीं जा सकता." मी फॉर्म घेऊन आले. तो फॉर्म याच पर्समध्ये आहे. तुम्ही असतात तर काय केलं असतंत? जेल बंद करा म्हणणं सोपं होतं हो, पण अकरा वाजता आईबरोबर कोण चालेल ते सांगायचं राहून गेलं तुमचं. मी रागावले आहे तुमच्यावर. आणि माझ्यापाशी विचारायला दुसरं कोणी नाही.

आत्ता मी लिहिते आहे आणि आई आतून दार वाजवते आहे. हळूच वाजवते, सरकारी दार वाजवावं तसं. तिला वाटतं बाहेर शिपाई आहे. "भैया, जरा खोल दो ना. इनका खाना ठंडा हो रहा है." पहिल्या दिवशी मी ओरडले, "आई, मी आहे गं!" तर ती मला ओळखेना, दारावर डोकं आपटायला लागली. मग मला एक युक्ती सुचली. हे धाकट्यालाही ठाऊक नाही, कॅमेऱ्यात आवाज जात नाही. मी आवाज जाड करते आणि म्हणते, "अभी टाइम नहीं हुआ, माताजी. बैठ जाओ." ती लगेच "जी" म्हणते आणि डबा मांडीवर घेऊन दाराशी बसते.

आत्ताही तेच म्हणाले. बसली ती. बँकेत परत जायला अजून दहा मिनिटं आहेत आणि मी उठून दार उघडलेलं नाही. हे कागद फॉर्मशेजारी ठेवीन, तुम्हाला पाठवायला पत्ता तरी कुठला? पण तुम्ही विचारलं होतंत ना, लावताना कसं वाटतं ते? खरं सांगते बाबा. ती "जी" म्हणाली आणि मला बरं वाटलं.