प्रचारातला चहा

बॉन, सप्टेंबर २०१६

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. आम्ही तिघं बरे आहोत. कबीर किंडरगार्टनमध्ये रुळलाय. मी मराठीत रागावते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो. आईचा गुडघा कसा आहे?

परवा ऑफिसात एस्टोनियाच्या वकिलातीतले एक गृहस्थ भाषणाला आले होते. आधी पत्रकार, मग खासदार, आता मुत्सद्दी. मी त्यांना सांगितलं, माझे वडील साप्ताहिक चालवतात आणि एक पक्ष त्यांना नगरपालिकेचं तिकीट देऊ करतोय. ते हसले. म्हणाले, "बातमीदार होतो तेव्हा कुणाची कॉफी घेत नव्हतो. निवडणुकीला उभा राहिलो आणि घरोघर प्यावी लागली. नाही म्हटलं की लोकांना मी शिष्ट वाटायचो."

तुम्हीही पत्रकार परिषदेतला चहा कधी घेतला नाहीत. तिकिटाचं तुम्हीच ठरवा, मला त्यातलं कळत नाही. पण प्रचारात चहा नाकारता येत नाही, आणि पाहुण्याला बिनसाखरेचा कुणी देत नाही.

तुमच्या शुगरचा रिपोर्ट आईने मला पाठवलाय. तिला बोलू नका. इतकी वर्षं संपादक आहात, आणि घरचीच बातमी दाबलीत.

तुमची,
स्वरूपा