बॉनेटवरचं स्वस्तिक

हिमायतनगर, हैदराबाद

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या नरहरचा साष्टांग नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं भावजींनी कळवलं, बरं वाटलं. आता हे पत्र तुझं तुलाच वाचता येईल अशा समजुतीने लिहितोय. (भावजी वाचून दाखवत असतील तर त्यांनाही नमस्कार, आणि त्यांनी मधला मजकूर गाळू नये.) फोन केला असता, पण आमच्याकडे नवराबायकोत एकाचा फोन दोघं ऐकतात आणि विषय वासंतीचा आहे.

दसऱ्याला तू इथे होतीस तेव्हा आमच्या निळ्या गाडीची पूजा झाली. मी नारळ आणायला गेलो होतो. परत येतो तो बॉनेटवर हे एवढं स्वस्तिक आणि शेजारी तबक घेऊन तू. ठसठशीत होतं, त्यात वाद नाही. पण कुंकू संपलं म्हणून हळदीत पानाचा चुना कालवून ते लाल केलं होतं, हे मला नंतर कळलं. आमच्या पार्किंगला छप्पर नाही. आठवडाभर ऊन खाल्ल्यावर गाडी धुतली, तेव्हा हळद गेली आणि स्वस्तिक राहिलं, कारण रंगावरचा पारदर्शक थर चुन्याने खाल्ला होता. मी तुला दोष देत नाही. घरात महिनाभर दिला, तेवढा पुरे झाला.

गॅरेजवाला पूर्ण बॉनेट रंगवायला निघाला होता, म्हणून मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाने साबणाच्या पाण्यात भिजवलेला घासायचा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवला, वर पॉलिश लावलं आणि डाग नाहीसा झाला. (त्याने टोपी उलटी घातली होती, मी तेवढ्याकडे दुर्लक्ष केलं.) पेपर तो दोन हजार नंबरचा घ्या म्हणाला. माझं आयुष्य ऑडिटमध्ये आकडे तपासण्यात गेलं. जितका आकडा मोठा तितका कागद खरखरीत, असं मी धरून चाललो (असतं उलटं, हे नंतर कळलं) आणि सावधगिरी म्हणून कोठीच्या बाजारातून चारशेचा आणला. दुकानदाराने विचारलंही, "दरवाजे कू घिसते क्या साब?" मी हौ म्हणालो, कारण गाडीलाही दरवाजे असतातच. घासायला बसलो तसे दुसऱ्या मजल्यावरचे प्रतापराव खुर्ची घेऊन खाली आले. पाणी आधी दुधासारखं आलं, मग निळं यायला लागलं. मळ निघतोय, असं प्रतापरावांचं मत पडलं आणि मलाही ते पटलं. निळं पाणी संपलं तेव्हा स्वस्तिक गेलेलं होतं आणि त्या जागी पुरीएवढा पांढरट डाग होता. मग मी बाकीचं बॉनेट इतकं चकचकीत पॉलिश केलं, की तो डाग आता रस्त्यापलीकडून दिसतो.

वासंती खाली आली, पाहिलं आणि "पुसून टाकलंत की," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती गाडीत बसत नाही. देवाचं चिन्ह खरवडलं, अपशकुन झाला, असं तिच्या मनाने घेतलं असावं. बाजाराला जायचं तर ती ऑटोत बसते आणि मी गाडी घेऊन मागे मागे जातो. भाजीच्या पिशव्या माझ्याकडे असतात, भाजीला गाडी चालते. आबिड्सच्या सिग्नलला ऑटो निघून गेला आणि मी अडकलो, की शेजारच्या सीटवर दुधी भोपळा असतो. गंमत वाटेल तुला. मला करमत नाही, अक्का. ती वाटभर बोलायची, "हॉर्न कशाला वाजवता" म्हणायची, ते सगळं बंद झालंय.

बाकी क्षेम. डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझा,
नरहर

ता. क. – एक काम होतं. वासंतीला फोन करून सांग, की ते स्वस्तिक काढून टाक असं तूच मला म्हणाली होतीस. स्वस्तिक तुझं, तेव्हा परवानगीही तुझीच. तिला पटेल. खोटं बोलल्याचं पाप माझ्या नावावर.

पुन्हा ता. क. – पाकिटावर घालायला तुझा पिनकोड वासंतीला विचारला. तिने पत्र हातातून घेतलं आणि उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "अक्कांचा हात दुखत होता त्या दिवशी. त्यांनी नुसतं तबक धरलं. चुना मीच कालवला, स्वस्तिक मीच काढलं होतं. तुम्ही महिनाभर अक्कांना बोलत होता, म्हणून गप बसले. घासायच्या आधी बायकोला म्हणून तरी एकदा विचाराल वाटलं, तर घासूनच टाकलंत." आणि आत गेली.

तेव्हा तुझ्याविषयी वर जे लिहिलंय ते मागे घेतो. तिला फोन करू नकोस. मला कर, आणि आत जाऊन काय बोलायचं ते सांग.