हिरवं पाणी

४ फेब्रुवारी
झालं एकदाचं मंजूर! नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब उद्या गल्लीतल्या प्रत्येक संडासात हिरवा रंग टाकून बघणार. पावसाचं गटार सरळ समुद्रात जातं, त्यात पावसाखेरीज थेंब जाता कामा नये. आमचं मात्र कोरड्या दिवसांतही वाहतं, आणि पोरं त्याच पाण्यात डुंबून ताप-जुलाब घेऊन घरी येतात. ज्याच्या घरचा रंग गटाराच्या तोंडातून बाहेर येईल, घाण त्याची; उद्या कळेल. कळायचंय काय त्यात — कोपऱ्यावरच्या खानावळवाल्याची! किनारा समितीची अध्यक्ष म्हणून गटाराच्या तोंडाशी पहारा मीच देणार. दुसऱ्या कुणावर भरवसा नाही.

५ फेब्रुवारी
लिहवत नाही.

६ फेब्रुवारी
लिहायलाच हवं. बोलायला तर कुणी नाही.

काल मी खाली वाळूत, साहेब वर घरांत, दोघांच्या कानाला फोन. सकाळची वेळ, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. फ्लश ओढला की थोडं थांबून साहेब विचारायचे, "दिसला का?" मी म्हणायची, "नाही." मी अगदी जोशात होते. शेजारपाजाऱ्यांचं झालं, तसे साहेब हसून म्हणाले, "नियम म्हणजे नियम, आता तुमचं घर." म्हटलं, "खुशाल! सासूबाईंच्या नव्या बाथरूमपासून सुरुवात करा."

आणि आला. हिरवागार. माझ्या चपलांना वळसा घालून लाटेत गेला.

"दिसला का, बाई?"

"नाही."

विचारसुद्धा केला नाही! आल्यागेल्याला 'जेवून जा' म्हणावं इतक्या सहज तोंडातून निघालं. मग पायाने त्यावर वाळू लोटत बसले. वाहतं पाणी का वाळूने झाकतं! वर्षभर सगळ्यांसमोर नाकाने कांदे सोलले, आणि घाण माझ्याच घरची.

खानावळवाला मात्र अडून बसला. "ही बाई खाली उभी असेल तर माझ्याकडे रंग टाकायचा नाही. ती वाट्टेल ते सांगेल!" सगळे त्याच्यावरच चिडले. साहेब म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला?" संध्याकाळपर्यंत खानावळीला सील. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली. एवढ्या माणसांत एकटा तोच खरं बोलत होता!

८ फेब्रुवारी
नवी बाथरूम केली त्याच प्लंबरला बोलावलं. ह्यांना सांगितलं, गळती आहे. प्लंबर म्हणतो, "ताई, तुम्हीच म्हणालात ना, नवी फरशी फोडायची नाही? मग मैल्याच्या लाइनीपर्यंत जाणार कसा मी? दिलं सोडून पावसाच्या पाइपात." म्हणाले असेन. फरशी मीच निवडली होती, येईल त्याला दाखवत होते.

फोड म्हटलं. फोडली.

९ फेब्रुवारी
सासूबाई — "एवढी चांगली फरशी, का गं फोडलीस?" त्यांच्या डोळ्यांत बघवेना. दूध उतू जातंय म्हणून आत पळाले. गॅसवर काहीच नव्हतं.

११ फेब्रुवारी
खानावळवाल्याची बायको आली होती. आत ये म्हटलं तरी दारातच उभी. "ताई, तुमच्या शब्दाला वजन आहे. साहेबांना सांगून बघा ना. आमचे हे तोंडाचे फटकळ आहेत हो, पण समुद्रात घाण सोडणारे नाहीत." माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता तिने. मी म्हणाले, "बघते." बघते! जनाची नाही, मनाची तरी!

ती गेल्यावर खरंच साहेबांना फोन लावला. सगळं सांगायचं ठरवून लावला. त्यांनी उचलला आणि मी विचारलं, पाण्याची पुढची तपासणी कधी?

१२ फेब्रुवारी
ह्यांनाही सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी
इतकी कशाला घाबरतेय मी? पाइप बदलून झाला, गटार सुकलं. आता पाणी तपासलं की स्वच्छ निघणार, मग सील कशासाठी ठेवतील? त्याची चूल पेटेल, पोरं पोहतील, आणि कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. झाकली मूठ. लाज वाटते ती वाटतेच, पण आज बऱ्याच दिवसांनी दोन घास नीट गेले.

१७ फेब्रुवारी
किनाऱ्यावर जाऊन आले. पाणी कसं नितळ! एक बाई लेकीला कडेवर घेऊन लाटेत उभी होती. मला ओळखून म्हणाली, "तुमच्यामुळे झालं हो हे." मी हसले. हसले, बाई!

२० फेब्रुवारी
साहेबांचा फोन. पाणी स्वच्छ निघालं. "बाई, मानलं तुम्हाला! खानावळ बंद केली आणि घाण थांबली. आणखी काय पुरावा हवा? परवानाच रद्द केला त्याचा, कायमचा."

मी "धन्यवाद" म्हणाले.