निळ्या हातांच्या घरची लेकरं

सुरुलेरे, लागोस
मंगळवार, १४ मे

ती. मावशींस,
तुमच्या अकिनलाबीचा जमिनीला छाती टेकवून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? मलमाच्या दोन डब्या गावच्या गाडीवाल्याबरोबर पाठवल्या होत्या, मिळाल्या असतील. इकडे आम्ही ठीक. वीज जाते-येते, जनरेटरच्या आवाजात मुलं अभ्यास करतात, चाललंय.

काल सिमिसोलाचा फोन आला. तुमची नात कसली खुशीत होती! म्हणाली, "मामा, शुक्रवारी तुमचा सिनेमा मोबाइलवर येतोय, तर आजीनं अख्ख्या गल्लीला कपडे शिवायला एकसारखं निळं कापड वाटलंय. अंगणात पडदा लावणार, चवळीचं मोइन-मोइन वाफवणार. तुम्ही लेखक, पहिली खुर्ची तुमची." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

मार्चमध्ये सिनेमा थिएटरला लागला तेव्हा तुम्ही तीनदा विचारलंत, "मला कधी नेतोस?" मी सांगितलं, जिने फार आहेत, एसीचा गारठा तुम्हाला सोसायचा नाही. मावशी, त्या थिएटरात लिफ्ट आहे. मला तुम्हाला न्यायचंच नव्हतं. वाटलं, चार आठवडे चालेल, उतरेल, गावात थिएटर नाही, सुटलो. पुढे तो घरोघर येणार हे करारात होतं, मी वाचलंही होतं. पण तुम्ही तो बघाल हे मनात येऊच दिलं नाही.

सिनेमा मादाम तिनुओलांचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इंग्रजांचा कर भरणार नाही म्हणून बाजारातल्या बायका उठल्या, त्यांच्या त्या पुढारी. तुम्ही मला दोन दिवस समोर बसवून सांगितलंत, की पोलीस त्यांना शोधत होते तेव्हा त्या नऊ दिवस आपल्याच घरी होत्या, आजी कापड रंगवायची त्या निळीच्या रांजणांमागे. आजीनं मार खाल्ला, दोन दात गेले, पण तोंड उघडलं नाही. तुम्ही आठ वर्षांच्या, दाराआडून आपल्या आईला बघत होतात. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

सिनेमात तसं नाही.

निर्माते तोकुन्बो म्हणाले, "नऊ दिवस रांजणामागे बसली, यात बघायचं काय? घरभेदी पाहिजे. लोक घरभेद्यासाठी तिकीट काढतात." मी म्हटलं, तसं घडलं नाही. तर म्हणाले, "अरे, सुरुवातीला पाटी टाकू ना, काही प्रसंग काल्पनिक म्हणून." मग मी एक रंगारीण लिहिली. रेबेका. ती मादामना आसरा देते आणि पाचव्या दिवशी पोलिसांना दार उघडून देते. नाव आजीचं नाही ना, मग झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पण दिग्दर्शकाला एक प्रसंग हवा होता. सकाळी रेबेकाची आई तिला ओरिकी म्हणत उठवते, आपल्याकडे उठवतात तशी, घराण्याची स्तुती गात. "नवी रचलेली नको, लगेच कळतं. अस्सल आण," म्हणाला. मी आपली दिली, मावशी. लहानपणी तुम्ही मला उठवताना म्हणायचात तीच. 'निळ्या हातांच्या घरची लेकरं, शरण आलेल्यासाठी ज्यांच्या दाराला कडी नाही.' नटीनं ती इतकी सुरेख म्हटली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नाव बदललं आणि ओरिकी तशीच ठेवली. म्हणजे तोंडाला फडकं बांधायचं आणि घराचा पत्ता सांगत सुटायचं. एवढा शिकलो, पण अक्कल कुठं गहाण टाकली होती कोण जाणे.

पहिल्या खेळाला लेखक म्हणून माझी ओळख करून दिली. माझ्या मागे आपल्या गावाकडची एक म्हातारी बसली होती. ओळी सुरू झाल्या तशी ती मान डोलवत बरोबर म्हणू लागली. पुढे रेबेकानं दार उघडलं तेव्हा तिनं माझ्या खुर्चीची पाठ धरली. दिवे लागल्यावर मला म्हणाली, "बाळा, ही तर रंगाऱ्यांच्या घरची ओरिकी. त्या घरानं असं केलं होय? आम्ही तर उलटंच ऐकलेलं. तू लिहिलंस ना, तुला माहीत असेल. तू कुठल्या घरचा?"

मी म्हणालो, "मी लागोसचाच. मला ते घर माहीत नाही."

हेच लिहायला कागद पुढे ओढला होता. गुडघे आणि मलम उगाच. सिनेमा लिहिताना शेण खाल्लंच, पण त्या खुर्चीत बसून खाल्लं त्याची मला जास्त लाज वाटते. तिला नुसतं 'खोटं आहे' म्हणायचं होतं. दोन शब्द.

तो भाग काढा म्हणून मागच्या आठवड्यात मोबाइलवर सिनेमा दाखवणाऱ्या कंपनीला लिहिलं. आता काही बदलता येत नाही, असं उत्तर आलं.

हे पत्र गाडीवाल्याबरोबर उद्या पोचेल, मी गुरुवारी येतोय. पडदा लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. लावलात तर आधी मी गल्लीसमोर उभा राहून वहीतलं वाचीन, नऊ दिवस, रांजण, दोन दात, सगळं. खोटं कुणी लिहिलं तेही सांगेन. माझ्या वाटचं निळं कापड मात्र शिवायला टाकू नका.

एकच मागणं आहे. मी पन्नाशीला आलो तरी मी फाटकात दिसलो की तुम्ही ओरिकी म्हणत पुढे येता. या वेळी म्हणू नका. नुसती नावानं हाक मारा. तीही मारावीशी वाटली नाही तर मी बाहेर बसून राहीन. तुमच्या दाराला कडी नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच आपणहून आत येणार नाही.

ते घर माहीत नाही म्हणणारा,
अकिनलाबी