कपातला अर्धा चहा

गुरुवार, १२ जानेवारी १९८४
विक्रोळी

आज संध्याकाळी पुन्हा तेच झालं. चहा बशीत ओतून प्यायले आणि उरलेला कप तसाच समोर ठेवला. सुमनचे बाबा असताना एका चहात दोघं प्यायचो. कप त्यांचा, बशी माझी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी हाताला कळत नाही.

सुमन बारावीचं रसायनशास्त्र वाचत होती. तिचं पुस्तक मीही चाळते. विद्युतऋणता म्हणजे काय ते आज समजलं. दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, पण एक जण ते आपल्याकडे जास्त ओढून ठेवतो. वाटणी असते, सारखी नसते. म्हणजे आमचा चहाच की.

"आणि दुसरा अणू गेला तर?" मी विचारलं.

"मग कसली ओढ गं, आई? ती बंधातच असते. एकट्या अणूची मोजत नाहीत." तिने कपाकडे पाहिलं. "थंड होतोय. मी पिऊ?"

मी पटकन कपावर हात ठेवला. स्वतःच्या पोरीला नको म्हटलं. का, ते काय सांगणार? तिने पुस्तकाचं पान उलटलं.

मोजत नसतील. पण पलीकडून ओढणारं कुणी नाही, मग तो कप मला अजून माझ्याकडे का ओढता येत नाही?